काळ्यात काळं

शारजात, रोला चौकामागे, कुंजुमोनच्या स्टुडिओत
तीन वर्षं मी फक्त चेहरे काढले.
पांढरा पडदा. कान दिसले पाहिजेत.
चष्मा काढा. हसू नका, व्हिसाला चालत नाही.
आठ प्रती, पंधरा दिरहॅम, थांबून घ्या.
खांद्याखालीही माणूस असतो
हे मी ऐकून होतो.

ऑगस्टात शम्मा मॅडम आल्या, मुलाच्या पासपोर्टसाठी.
भिंतीवर मी चिकटवलेला एक फोटो होता,
शेजारच्या लाँड्रीतले झगे, गच्चीवर, वाऱ्यात.
"हा कुणी काढला?"
कुंजुमोनने माझ्याकडे बोट केलं,
काच फुटल्यावर करतात तसं.

चोवीस अबाया. एक दिवस. कॅटलॉग.
अट एकच,
हनुवटीच्या वर काही नको.

लेन्स भाड्याची, अनामत म्हणून माझं घड्याळ.
मॉडेल म्हणजे मारिसेल, खालच्या सलूनमधली,
नखं रंगवणारी. उंची पाच फूट एक.
कापड लोळायला लागलं म्हणून
तिला दोन विटांवर उभी केली,
कमरेवर हात ठेव म्हणायला गेलो
आणि माझं मलाच हसू आलं.
ती विचारत राहिली काय झालं.
कसं सांगणार?

एसीतून अंगणात आलो तर लेन्सला घाम.
पुसली, पुन्हा धुकं. पुसली, पुन्हा.
बशीर इस्त्रीवाला पायरीवर बसून बघत होता.
म्हणाला, राहू दे भाई,
तिलाही जरा कळू दे उन्हाळा.
वीस मिनिटं आम्ही तिघं
एका यंत्राला गरम व्हायची वाट बघत बसलो.

आणि मग काळं.
आमच्याकडे काळ्याला केवढा गोतावळा,
काळंभोर, काळंशार, काळंकुट्ट, काळंकभिन्न.
देवरुखला आई चंद्रकळेची घडी उन्हात धरून
दुकानदाराला सांगायची, हे काळं नाही, हे दमलेलं निळं.
कॅमेऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.
काळं दिसलं की तो घाबरतो,
उजेड ओढतो, आणि हाती देतो राख.
पहिल्या तीन अबाया राखेच्या निघाल्या.
मग मी त्याचं ऐकणं सोडलं.
उजेड कमी केला, अजून कमी,
खिडकी बाजूने घेतली, तिरपी,
आणि बाहीवर, काळ्या रेशमावर काळ्याच दोऱ्याची
वेलबुट्टी हळूच वर आली.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
ती बघितली का कधी कुणी?
मी बघितली. चौथ्या अबायेच्या डाव्या बाहीवर,
सकाळी सव्वाअकराला.

मारिसेलच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता,
वॅक्सच्या भांड्याचा. मॅडम म्हणाल्या, काढा.
रात्री बंकवर लॅपटॉप पोटाशी धरून
चोवीस वेळा मी तो डाग पुसला.
सफाई चांगली झाली. हाताला सवय झाली.

पैसे निम्मे मिळाले.
निम्म्याच्या बदल्यात एक अबाया, शिलाईत चुकलेली,
"घरच्यांसाठी."
घरचे म्हणजे बेडस्पेसमधले सात पुरुष.

आठवड्याने मारिसेल आली.
कॅटलॉग तिने आईला पाठवला होता, इलोइलोला.
आईने पानं उलटून विचारलं,
यातली तू कोणती?
हे ती हसत सांगत होती,
नखांवरचा सुकलेला रंग खरवडत.

दुकान बंद करायला दहा मिनिटं होती.
पांढरा पडदा मी गुंडाळला,
त्या खिळ्यांना अबाया टांगली, आतली बाजू बाहेर.
तिला स्टुलावर बसवलं, मनगट गालाशी.
"हसू का?"
माझ्या तोंडून सवयीने "नको" निघालं
आणि त्यावर ती जी हसली,
मान मागे टाकून, केस विस्कटून,
डाग उजेडात.

कान दिसत नाहीत.
कुंजुमोनने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.
व्हिसाला चालणार नाही, म्हणाला,
आणि टेपचं भेंडोळं
माझ्याकडे सरकवलं.